कोरडेमिस्त्रींची पहिली गळती

“पंप बंद पडला की मागे पाणी किती येतं?” दुकानदाराने विचारलं.

“कुठे मागे?”

“अहो, दवाखान्यात माशांच्या वरच्या टाकीतून खालच्या टाकीत. उद्या सहा तास वीज नाही म्हणताय ना?”

“थेंब येत नाही,” मिस्त्री म्हणाले. “एकमार्गी व्हॉल्व्ह घातलाय. पाणी वर जातं. परत यायचं त्याने नाव काढायचं नाही.”

दुकानदार बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप कागदात गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. हा माणूस फक्त समुद्रातले शोभेचे मासे विकायचा. पाटीवर ‘मासे’ एवढंच मोठ्या अक्षरांत असल्यामुळे दिवसातून दोघंतिघं तरी पिशवी घेऊन आत शिरत आणि साफ करून द्याल का, असं विचारत. त्यामुळे तो सहसा कशाने चपापत नसे. आता मात्र चपापला.

“व्हॉल्व्ह बसवून किती दिवस झाले?”

“तीन महिने होतील.”

“मधे कधी पंप बंद करून पाहिला होतात?”

“पहिल्या दिवशी पाहिला की! डॉक्टरबाईंच्या समोर. पाणी जागच्या जागी थांबलं. त्यानंतर वेळच आली नाही. दवाखान्यात बॅटऱ्या आहेत, वीज गेली तरी पंप चालूच राहतो. उद्या सगळी वायरिंगच बदलायचीय, म्हणून बॅटऱ्याही काढणार.”

“पाइपावर कुठे कॉक?”

“कपाटात जागा नव्हती. आणि व्हॉल्व्ह असताना कॉक कशाला? पट्टा लावलाय म्हटल्यावर नाडी कशाला बांधायची?”

“खाऱ्या पाण्यात पट्टाही लावायचा आणि नाडीही बांधायची, मिस्त्री,” दुकानदार म्हणाला आणि मागच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढून त्याने काउंटरवर उपडा केला. आठ-दहा व्हॉल्व्ह घरंगळले. सगळे मिस्त्रींनी घातला होता तसलेच. प्रत्येकाच्या आत पांढरा चुना धरलेला. एकाच्या झडपेत मोहरीएवढी गोगलगाय अडकून तिथेच वाळून गेली होती. “गोड्या पाण्यात तुमचा व्हॉल्व्ह तुमच्या नातवापर्यंत चालेल. इथे तीन महिन्यांत ही दशा होते. झडप तांदळाएवढी उघडी राहिली तरी पुरते. वरून पाणी ओढलं जातं, आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत ते थांबत नाही. तोंड किती खोल आहे?”

“सहा इंच.”

मिस्त्रींनी हे सांगितलं आणि पुढचा गुणाकार दुकानदाराला करावा लागला नाही. टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद. त्यातलं वरचं सहा इंच पाणी म्हणजे एकशेचाळीस लिटर. खालच्या टाकीत रिकामी जागा तीस लिटरची. उरलेलं शंभरावर लिटर खारं पाणी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या फरशीवर. आणि त्या फरशीच्या बरोबर खाली डोळे तपासायचं नवीन यंत्र. गेल्याच आठवड्यात आलेलं, अजून अर्धं वेष्टणात. कोपऱ्यातल्या पाइपाशेजारी फरशीला एक फट होती, ती मिस्त्रींना ठाऊक होती. त्यांनीच ती ‘नंतर भरू’ म्हणून सोडली होती.

मिस्त्रींनी काउंटरवरचा एक व्हॉल्व्ह उचलून उजेडात धरला.

त्यांचं खरं आडनाव आता फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. तीस वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने त्यांनी जोडलेल्या नळाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला, दुसऱ्या दिवशी उचलून हातात चुरगळून पाहिला आणि म्हणाला, “हे बघा, कोरडे!” तेव्हापासून ते कोरडेमिस्त्री. लोकांना ते आडनावच वाटायचं. एकदा बँकेतून पत्र आलं तेही ‘श्री. कोरडे’ नावाने, आणि ते परत पाठवणं मिस्त्रींच्या जिवावर आलं. एवढ्या वर्षांत त्यांची जोडणी गळली म्हणून कुणाचा निरोप आला नव्हता. माणूस पगार, घर, मुलंबाळं यांचा अभिमान धरतो. मिस्त्रींनी कोरड्या कागदाचा धरला होता.

दवाखान्याचं काम त्यांना मुलीमुळे मिळालं. मुलगी तिथे स्वागताच्या टेबलावर बसायची. सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. बसण्याच्या खोलीत आधीपासून माशांची मोठी टाकी होती, पण पाणी सारखं गढूळ व्हायचं. डॉक्टरबाईंनी चौकशी केली तेव्हा कळलं, की टाकीच्या खालच्या कपाटात आणखी एक टाकी बसवायला हवी. वरचं पाणी खाली उतरणार, तिथे गाळलं जाणार, आणि पंप ते परत वर पाठवणार. नळजोडणी कुणाकडून करवायची, असा प्रश्न निघाला, तेव्हा मुलगी ताडकन म्हणाली, “माझ्या बाबांकडून.” डॉक्टरबाई म्हणाल्या, “नळवाल्यांना माशांचं काय कळणार?” त्यावर ही म्हणाली, “माशांचं नाही कळत, पण पाण्याचं कळतं. एक थेंब गळला तर मला काढून टाका.”

हे तिने घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. मिस्त्रीही हसले होते. तेव्हा हसायला काही जात नव्हतं.

मग बापलेक मिळून याच दुकानात खालची टाकी निवडायला आले. दुकानदाराने तिला ‘संप’ म्हटल्यावर मिस्त्री म्हणाले, “आमच्यात संप जमिनीखाली असतो, नाहीतर गिरणीत.” तीन टाक्या त्याने दाखवल्या. प्रत्येकीत काचेच्या भिंती घालून तीन खण केलेले. पहिल्यात घाण पाणी पडून गाळलं जायचं, शेवटच्यात पंप. मधल्या खणात दिव्याखाली समुद्री शेवाळ वाढवायचं, कारण ते पाण्यातली घाण खातं. आणि त्या शेवाळात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वाढतात. वरच्या टाकीत मासे त्यांना जगू देत नाहीत, दिसला की गिळतात. इथे त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. इथे ते वाढतात, आणि बळ आलं की पाण्याबरोबर वर जातात. या खणाला दुकानदाराने लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मिस्त्रींची जीभ काही त्याला वळेना.

“माहेर म्हणा की, बाबा,” मुलगी म्हणाली.

दुकानदार खो खो हसला. मिस्त्रीही हसले आणि मग एकदम टाकीच्या काचेवरून बोट फिरवायला लागले. मुलगी दोन वर्षांपूर्वी एका दुपारी एकच बॅग घेऊन दारात उभी राहिली होती. तिकडे काय झालं, ते तिने सांगितलं नव्हतं आणि मिस्त्रींनी विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त मधल्या खोलीतला हत्यारांचा पसारा गॅलरीत हलवला आणि दाराला आतून नवी कडी बसवून दिली. बोलण्यापेक्षा कडी बसवणं त्यांना सोपं होतं.

“हा मधला खण मोठा नाही का करता येणार?” मिस्त्रींनी त्या दिवशी दुकानदाराला विचारलं होतं.

“भिंत उंच करून देतो. पण मग वर जागा कमी राहते. पंप बंद झाल्यावर मागे येणारं पाणी मावायला हवं. इथे तीन गोष्टी ठेवायच्या: रिकामी जागा, पाइपाचं तोंड वरच्या वर, आणि पाण्याच्या रेषेच्या जरा खाली पाइपाला बारीक भोक. पंप बंद झाला की त्या भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते.”

“पाइपाला भोक?” मिस्त्री म्हणाले होते, जणू त्यांना कुणी स्वतःच्या पोराचा कान कापायला सांगितलं. “ते माझ्यावर सोडा. भिंत उंच करा. चांगली तीन इंच.”

भिंत उंच झाली. पाइपाचं तोंड मिस्त्रींनी खोल नेलं, कारण डॉक्टरबाईंची एकच अट होती, आवाज नको. डोळ्यांवर पट्टी असलेली माणसं त्या खोलीत बसायची, आणि ज्याला दिसत नाही त्याला जरासाही आवाज मोठा वाटतो. भोक काही त्यांनी पाडलं नाही. त्याऐवजी व्हॉल्व्ह घातला. मागे येणारं पाणी अडवायचं असेल तर एकमार्गी व्हॉल्व्ह घालायचा, हे कुठल्याही नळवाल्याला झोपेत विचारलं तरी तो सांगेल. मिस्त्रींनी तेच केलं, जे त्यांनी हजार ठिकाणी केलं होतं.

“आता काय करू?” त्यांनी आज, शनिवारी संध्याकाळी, त्याच काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारलं.

“आज रात्रीत होण्यासारख्या दोनच गोष्टी. मधल्या खणाची भिंत काढून टाका, म्हणजे खाली जागा होईल. शेवाळ जाईल, जीव जातील, पण पाणी बरंचसं मावेल. नाहीतर भोक पाडा. चार मिलिमीटर. पाइप आखूड केलात तर पाणी वर उसळेल आणि आवाज होईल.”

“भिंत नको,” मिस्त्री लगेच म्हणाले.

“मग भोक.”

मिस्त्रींनी मान हलवली खरी, पण ती होकाराची होती की नुसतीच हलली, ते त्यांनाही कळलं नाही.

घरी आले तेव्हा मुलगी ताटं मांडत होती. तिचा चेहरा फुलला होता. “बाबा, सोमवारी डॉक्टरबाई बोलणार आहेत माझ्याशी. सहा महिने संपतात ना! आज जाताना म्हणाल्या, तुझ्या बाबांची टाकी छान चाललीय. म्हणजे होणार बहुतेक कायम.”

“होणार म्हणजे काय, झालंच पाहिजे,” मिस्त्री म्हणाले आणि घास तोंडात फिरवत राहिले.

“कायम झाले ना, की मी माझं वेगळं कपाट घेणार आहे. किती दिवस ती बॅगच वापरायची?”

सांगावं, असं त्यांना तीनदा वाटलं. एकदा ती पाणी ओतत होती तेव्हा, एकदा ती कपाटाचं माप हाताने दाखवत होती तेव्हा, आणि एकदा ती भांडी घासता घासता गुणगुणायला लागली तेव्हा. तिच्या तोंडून गुणगुण ऐकून दोन वर्षं झाली होती. मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि नुसतं विचारलं, “उद्या दवाखाना किती वाजता उघडायचाय?”

“साडेसातला. वायरमन आठला येणार आहे.”

“मी येतो तुझ्याबरोबर. पंप बंद होणार, तर जवळ कुणीतरी असलेलं बरं.”

“या ना! माशांनाही बरं वाटेल,” ती म्हणाली.

रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही असं नाही, लागला. पण मध्येच जाग यायची आणि ते अंधारात फरशीवर हात फिरवून बघायचे. स्वतःच्या घरातली कोरडी फरशी. पहाटे उठून त्यांनी गॅलरीतल्या खोक्यातून जुनं गिरमिट काढलं. हाताने फिरवायचं, लाकडी मुठीचं. वडिलांचं होतं. विजेचं यंत्र पाण्याजवळ न्यायचं नव्हतं. चार मिलिमीटरचं पातं बसवलं, तेलाचा हात फिरवला आणि ते पिशवीत तळाशी, टॉवेलाखाली घातलं, चोरीचा माल असल्यासारखं.

दवाखाना उघडला तेव्हा साडेसातला पाच मिनिटं कमी होती. रविवार असल्याने खोली रिकामी होती. ओळीने खुर्च्या, भिंतीवर लहान-मोठ्या अक्षरांचा तक्ता, आणि समोर ती टाकी. निळसर उजेडात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, एक पिवळाधमक, आणि कोपऱ्यात बोटांसारखे लांब झुबके हलवणारं एक समुद्रफूल. पंपाची बारीक घरघर कपाटातून येत होती. मिस्त्रींना ती एरवी ऐकूही येत नसे. आज ती थांबणार, ही भीती घेऊन ते आले होते, त्यामुळे कानात तेवढीच घरघर भरली.

“चिमे, तू खाली जाऊन थांब. वायरमन आला की मला सांग आणि मगच त्याला बटणाला हात लावू दे. मी तोवर एक नट आवळतो.”

ती निघाली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. मिस्त्री स्टुलावर चढले होते आणि त्यांच्या हातात गिरमिट होतं.

“बाबा, नट आवळायला गिरमिट?”

मिस्त्रींचा हात खाली आला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि सवय नसलेल्या कामात ते हात घालत नसत. एकदा घातला होता, त्याचंच हे फळ होतं. त्यांनी सगळं सांगितलं. चुना, गोगलगाय, शंभर लिटर पाणी, खालचं यंत्र. दुकानदाराने तेव्हाच सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नाही, हेही सांगितलं. स्टुलावर उभे राहून, वर तोंड करून, टाकीच्या काठाकडे बघत सांगितलं.

मुलगी दारातून परत स्टुलापाशी आली. मग म्हणाली, “काल रात्री का नाही सांगितलं?”

“जीभ रेटली नाही.”

“मला काढून टाकतील म्हणून?”

“तू त्यांना शब्द दिला होतास ना. थेंब गळला तर म्हणून. आणि तू काल गुणगुणत होतीस.”

तिने खाली बघितलं. “माझीही जीभ रेटली नव्हती, बाबा. दोन वर्षं. मला वाटायचं, तुम्ही विचाराल. मग वाटलं, कडी बसवलीत म्हणजे तुम्हाला कळलंच असेल.”

मिस्त्रींनी गिरमिट दुसऱ्या हातात घेतलं. “कळलं होतं,” ते म्हणाले. “म्हणूनच विचारलं नाही. विचारायला हवं होतं.”

आणि तेवढ्यात घरघर थांबली.

निळा उजेड गेला, पंखा मंदावला. खालून, मागच्या दाराशी असलेल्या मीटरच्या खोलीतून, वायरमनचा आवाज आला, “लवकर आलोय हो! बॅटऱ्या पण सोडल्यात!” त्याला लवकर येऊन लवकर मोकळं व्हायचं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

“खाली बघ,” मिस्त्री म्हणाले. “कपाट उघड. पाणी काठापासून किती आहे?”

मुलीने गुडघे टेकून कपाटाचं दार उघडलं. “चार बोटं. नाही, चढतंय. साडेतीन.”

“पाइपातून खळखळ येतेय?”

“येतेय! बाबा, तीन बोटं!”

झडप उघडी राहिली होती. मिस्त्रींच्या डोक्यात जे काल रात्रभर पाण्यासारखं फिरत होतं, ते आता खरंच पाणी होऊन उतरत होतं. गिरमिट पाइपाला लावून फिरवायला घेतलं तर दोन मिनिटं लागणार. तेवढा वेळ नव्हता. त्यांनी गिरमिट काठावर ठेवलं, डावी बाही वर सारायचंही भान न ठेवता हात खांद्यापर्यंत टाकीत घातला आणि पाइपाचं तोंड तळहाताने दाबून धरलं.

तळहात खसकन ओढला गेला. पाणी आत खेचत होतं, लहान मुलाने बोट चोखावं तसं. पण थांबलं.

“खाली?”

“थांबलं. दोन बोटं आणि थोडंसं.”

“ये वर. खुर्ची घे. गिरमिट उचल.”

मुलगी खुर्चीवर चढली. तिने गिरमिट दोन्ही हातांनी धरलं. “मी? मी कधी...”

“माझा एक हात अडकलाय, आणि एका हाताने गिरमिट फिरत नाही. इथे बघ. पाण्याच्या रेषेवर, जिथे पाइप ओला आहे तिथे. टोक टेकव. सरळ धर. दाबू नकोस, नुसतं फिरव. दाबलंस की घसरतं.”

गिरमिट एकदा घसरलं. पाइपावर पांढरा ओरखडा उठला. दुसऱ्यांदा पातं बसलं. प्लॅस्टिकचे बारीक कुरळे तुकडे पाण्यावर तरंगायला लागले. तेवढ्यात त्या दोन नारिंगी माशांपैकी मोठ्या माशाला परका हात आपल्या समुद्रफुलाजवळ आल्याचा संताप आला आणि तो मिस्त्रींच्या मनगटाला टोचायला लागला. पुन्हा पुन्हा, जिवाच्या आकांताने. बोटभर मासा, पण घर वाचवायला निघाला होता.

“चावतोय का?” मुलीने न थांबता विचारलं.

“चावू दे. त्याचंही बरोबरच आहे. तू फिरव. आणि एकाच बाजूला भोक पाड, आरपार नको.”

“काय चाललंय इथे?”

दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. वायरमनचं काम बघायला आल्या असाव्यात, हातात खालच्या खोलीची किल्ली होती. समोर त्यांचा नळवाला मिस्त्री खांद्यापर्यंत टाकीत, आणि त्यांची स्वागतिका खुर्चीवर उभी राहून टाकीच्या पाइपाला भोक पाडतेय. यापेक्षा विचित्र दृश्य त्यांनी त्या खोलीत पाहिलं नसेल.

मुलीचे हात क्षणभर थांबले. मग तिने पुढचे चार वेढे घेतले आणि पातं आत गेलं. फुस्स असा बारीक आवाज झाला. मिस्त्रींच्या तळहाताची ओढ एकदम सुटली. त्यांनी हळूच हात बाजूला केला. काहीच झालं नाही. पाणी जिथल्या तिथे राहिलं.

“बाई, तो व्हॉल्व्ह सदोष निघाला...” मुलगी घाईघाईने सांगायला लागली.

“व्हॉल्व्ह सदोष नाही,” मिस्त्री म्हणाले. ते स्टुलावरून उतरले. “व्हॉल्व्ह गोड्या पाण्याच्या सवयीने मी घातला. दुकानदाराने हे भोक तेव्हाच पाडायला सांगितलं होतं. मी हट्टाने पाडलं नाही. मला कालच कळलं आणि हिला आत्ता. आज ही दोन मिनिटं चुकली असती तर तुमच्या खालच्या यंत्रावर पाणी पडलं असतं. चूक माझी. हिची नाही.”

डॉक्टरबाईंनी किल्ली खिशात टाकली. त्या कपाटापाशी गेल्या आणि खाली बसल्या. काठापासून दोन बोटं खाली पाणी निश्चल उभं होतं. मधल्या खणातलं शेवाळ हिरवंगार, जागच्या जागी. त्यांनी फरशीवर तळवा टेकवून पाहिला आणि उचलला. बोटं ओली होती.

“हे काय?”

“ते माझ्या कोपराचं,” मिस्त्री म्हणाले. बाहीतून अजून ठिबकत होतं.

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं की नाही, ते अंधुक उजेडात नीट दिसलं नाही. “हे भोक बुजत नाही का?” त्यांनी विचारलं.

“बुजतं. शेवाळ धरतं. आठवड्याला काडी घालून साफ करावं लागेल.”

“न चुकता?”

“न चुकता.”

त्या उठल्या आणि टेबलामागच्या भिंतीकडे गेल्या. तिथे कामाच्या पाळ्यांचा मोठा तक्ता होता. डोळ्यांचे थेंब तपासणे, फ्रिजचं तापमान लिहिणे, असली कामं आणि पुढे ज्याची त्याची नावं. त्यांनी खिशातलं पेन काढून तळाशी एक ओळ वाढवली. ‘टाकीच्या पाइपाचं भोक साफ करणे, दर सोमवारी.’ मग पुढे मुलीचं नाव लिहिलं.

“बाई,” मुलगी अडखळत म्हणाली, “माझे सहा महिने उद्या...”

“तक्ता वर्षाचा असतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुझं कपाळ पुसून घे, प्लॅस्टिक चिकटलंय.” आणि त्या यंत्र बघायला खाली गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, “मिस्त्री, ती कोपऱ्यातली फटही भरून टाका. ती मला पहिल्या दिवसापासून दिसतेय.”

मिस्त्रींनी फट भरली. त्यांनी उरलेला वेळ त्यातच काढला. मुलगी बॅटरीच्या पंपाची नळी पाण्यात सोडून बुडबुडे मोजत बसली आणि मध्येच, फट भरणाऱ्या त्यांच्या पाठीकडे बघत, तिकडच्या घराबद्दल बोलायला लागली. सगळं नाही. थोडंसं. मिस्त्री सिमेंटवरून थापी फिरवत राहिले आणि फक्त हुंकार देत राहिले, म्हणजे तिला थांबावं लागणार नाही.

दोन वाजायच्या सुमारास वीज आली. पंपाची घरघर सुरू झाली, निळा उजेड पडला. पाणी वर चढलं, पाइपाच्या तोंडातून नीट बाहेर पडायला लागलं. आणि पाण्याच्या रेषेच्या जरासं खाली, त्या नव्या भोकातूनही एक बारीक धार निघाली आणि पृष्ठभागावर वळ्या उठवत राहिली. आवाज नव्हता, पण दिसत होती.

वायरमन हात पुसत वर आला आणि त्याने टाकीकडे बघितलं. “अरे, कोरडेमिस्त्री! तुमचा पाइप गळतोय की हो!”

मुलगी काहीतरी बोलणार होती. मिस्त्रींनी तिला मानेनेच थांबवलं.

“गळतोय,” ते म्हणाले.

वायरमन हसत निघून गेला. उद्या तो हे चार ठिकाणी सांगणार, हे मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनी टाकीच्या काठाजवळ जाऊन बघितलं. तीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप पाण्यात गेला आणि अंगठा त्या भोकावर बसला. धार थांबली. पाणी सपाट झालं, अगदी कागदासारखं. मिस्त्री तसेच उभे राहिले. मग त्यांनी अंगठा उचलला, हात पँटला पुसला आणि पिशवीत गिरमिट भरायला घेतलं.